बोरॅक्सच्या संपृक्त द्रावणातून मुक्त ऊर्जा मोजताना ठेवलेल्या नोंदी

या नोंदी मी प्रयोग चालू असतानाच लिहिल्या आणि नंतर फक्त भाषा नीट केली. चुकलेले आकडे गाळलेले नाहीत, कारण हाच प्रयोग करू पाहणाऱ्या व्यक्तीला बरोबर आलेल्या आकड्यांपेक्षा चुकलेल्या आकड्यांचा उपयोग अधिक होईल असे मला मनापासून वाटते. मोजायचे होते ते इतकेच: घन बोरॅक्स, म्हणजे टाकणखार, आणि त्याचे द्रावण यांच्यातील समतोल स्थिरांक निरनिराळ्या तापमानांना किती असतो, आणि त्यावरून मुक्त ऊर्जा (बदल आपोआप कोणत्या दिशेने जाईल हे सांगणारी राशी), एन्थाल्पी (शोषल्या किंवा सोडल्या जाणाऱ्या उष्णतेचे माप) व एन्ट्रॉपी (कणांच्या विस्कळीतपणाचे माप) यांतील प्रमाणित बदल किती येतात.

१० नोव्हेंबर: आखणी

बोरॅक्स निवडण्याची तीन कारणे होती. तापमान वाढवले की त्याची विद्राव्यता वेगाने वाढते, त्यामुळे साध्या काचसामानानेही फरक स्पष्ट दिसतो. विरघळलेला बोरॅक्स हायड्रोक्लोरिक आम्लाने अनुमापन करून, म्हणजे त्याला नेमके किती आम्ल लागते ते ब्युरेटने पाहून, मोजता येतो. शिवाय एक मोल टेट्राबोरेटला नेमके दोन मोल आम्ल लागते, त्यामुळे हिशेब सरळ राहतो. विरघळताना एका बोरॅक्समागे दोन सोडियम आयन आणि एक टेट्राबोरेट आयन द्रावणात येतात. म्हणून विद्राव्यता मोल प्रति लिटरमध्ये घेतली, तर विद्राव्यता गुणाकार, म्हणजे या विरघळण्याचा समतोल स्थिरांक, तिच्या घनाच्या चौपट होतो.

पुढचे सूत्र नेहमीचे आहे. प्रमाणित मुक्त ऊर्जाबदल म्हणजे वायू स्थिरांक (८.३१४), निरपेक्ष तापमान आणि समतोल स्थिरांकाचा नैसर्गिक लॉगरिदम यांचा गुणाकार, उणे चिन्हासह. विद्राव्यतेचा घन होत असल्यामुळे तिच्यातील एक टक्का चूक स्थिरांकात तीन टक्के होते, हे मी आखणीच्या पानावर लाल शाईने लिहिले होते. तरीही पुढे दोनदा ते विसरले.

साहित्य: ५० मिलिलिटरची ब्युरेट, ५ मिलिलिटरचे पिपेट, वॉटर बाथ, मॅग्नेटिक स्टरर, दोन तापमापक, ०.०१ ग्रॅमपर्यंत वजन करणारा तराजू (पुढे ०.००१ ग्रॅमचा उसना घ्यावा लागला), शंकुपात्रे, अंदाजे ०.२ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल. बोरॅक्स पोटात जाणे घातक आहे, त्यामुळे हातमोजे वापरले आणि तोंडाने पिपेट ओढणे पूर्ण वर्ज्य ठेवले.

१३ नोव्हेंबर: दर्शक चुकला

पहिली संध्याकाळ वाया गेली. अनुमापन कुठे पूर्ण झाले ते रंग बदलून दाखवणारा दर्शक म्हणून हाताशी फिनॉल्फ्थॅलिन होते, तेच वापरले. सुरुवातीला आलेला गुलाबी रंग आम्लाच्या पहिल्या काही थेंबांपासूनच फिका होत गेला आणि अंत्यबिंदू कुठे धरावा हे तीन वेळा करूनही ठरेना. कारण नंतर लक्षात आले. बोरॅक्सच्या द्रावणाचा सामू मुळातच ९.२ च्या जवळपास असतो आणि तिथे ते उत्तम बफर असते, म्हणजे आम्ल घातले तरी सामू फार हळू बदलतो. फिनॉल्फ्थॅलिनचा रंग नेमका याच पट्ट्यात बदलतो. अनुमापन पूर्ण होते तेव्हा द्रावणात बोरिक आम्ल आणि मीठ उरते, आणि तेथे सामू ५ च्या आसपास असतो. तेथे बदलणारा दर्शक हवा. ब्रोमोक्रेसॉल ग्रीन मिळाल्यावर निळ्यातून पिवळ्याकडे जाताना येणारी हिरवी छटा एका थेंबात पकडता येऊ लागली.

१४ ते १७ नोव्हेंबर: आम्लाची संहती

आम्लाची अचूक संहती काढण्यासाठी मी बोरॅक्सच वजन करून घेतला, कारण आम्ल प्रमाणित करण्यासाठी बोरॅक्स हा मान्यताप्राप्त पदार्थ आहे. ०.७६३ ग्रॅम, म्हणजे दहा रेणू पाणी असलेल्या बोरॅक्सचे दोन मिलिमोल, पाण्यात विरघळवले. त्याला २१.३ मिलिलिटर आम्ल लागले. त्यावरून संहती ०.१८८ मोलर आली आणि मी ती बाटलीवर चिकटवून पुढे गेले. ही चूक कळायला पुढचे सोळा दिवस जावे लागले. ती कशी सापडली ते ३ डिसेंबरच्या नोंदीत आहे.

१८ नोव्हेंबर: ३० अंश, पहिला समतोल

पाण्यात भरपूर बोरॅक्स घातला, वॉटर बाथ ३० अंशांवर ठेवला, वीस मिनिटे ढवळले, घन तळाशी बसू दिला आणि वरचे नितळ द्रावण ५ मिलिलिटर घेतले. ८.४ मिलिलिटर आम्ल लागले. खात्री म्हणून तासाभराने पुन्हा घेतले, तेव्हा ९.२ लागले. त्यामुळे पहिला आकडा समतोलाचा नव्हता हे उघड झाले. दुसराही असेलच असे मानायला काही आधार नव्हता.

येथे मी पद्धत बदलली, आणि संपूर्ण प्रयोगातील हा सर्वांत महत्त्वाचा बदल आहे असे मला वाटते. द्रावण "पुरेसा वेळ" ढवळले की समतोल आला असे गृहीत धरणे सोडून दिले आणि दोन पात्रे ठेवली. पहिल्यात थंड पाणी आणि घन बोरॅक्स, म्हणजे विद्राव्यता खालून वर येणार. दुसऱ्यात ४५ अंशांना तयार केलेले द्रावण घनासह ३० अंशांवर आणून ठेवले, म्हणजे ती वरून खाली येणार. दोन्ही पात्रे सतत ढवळत ठेवली आणि दर तासाला दोन्हींतून नमुना घेतला. पहिल्या पात्राची वाचने ८.४, ९.२, ९.६, ९.७५, ९.८ अशी चढत गेली. दुसऱ्याची १०.९, १०.१, ९.९, ९.८५, ९.८ अशी उतरत आली. दोन्ही पात्रे ९.८ वर भेटली आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही तेथेच होती.

मुक्त ऊर्जेच्या भाषेत सांगायचे तर ९.८ च्या खाली असताना विरघळण्याचा मुक्त ऊर्जाबदल ऋण होता, वर असताना धन होता आणि त्या बिंदूवर शून्य होता. एकाच पात्रातून ही गोष्ट दिसत नाही. एका बाजूने येणारा आकडा स्थिर झाल्यासारखा वाटतो, पण तो केवळ मंदावलेला असू शकतो. ज्यांना वेळ कमी आहे त्यांनी तापमाने कमी घ्यावीत, पण प्रत्येक तापमानाला दोन्ही बाजूंनी यावे, असे मी आग्रहाने सांगेन.

२० आणि २१ नोव्हेंबर: ५० अंशांना पिपेट तुंबते

५० अंशांना लागोपाठ तीन वाचने आली: २२.१, २४.०, २०.७. एवढा विखुरलेपणा अनुमापनाचा असू शकत नव्हता. पिपेट उजेडाकडे धरले तेव्हा टोकापाशी आतल्या काचेवर बारीक सुयांसारखे स्फटिक दिसले. गरम संपृक्त द्रावण थंड काचेला लागताच बोरॅक्स बाहेर पडत होता आणि तो शंकुपात्रात पोहोचतच नव्हता.

उपाय दोन केले. पिपेट त्याच वॉटर बाथमध्ये कोरड्या नळीत ठेवून आधी तापवले, आणि द्रावण सोडून झाल्यावर ते दोनदा गरम शुद्ध पाण्याने धुऊन ते पाणी त्याच शंकुपात्रात घेतले. शंकुपात्रात आधीच ३० मिलिलिटर शुद्ध पाणी ठेवले, म्हणजे आत पडताच द्रावण विरळ होते आणि स्फटिक पडत नाहीत. तिसरी अडचण उलट दिशेची होती. नमुना ओढताना तरंगणारे बारीक कण पिपेटमध्ये शिरत आणि वाचन वाढत असे. टोकावर कापसाचा लहानसा बोळा बांधून द्रावण ओढायचे आणि सोडण्याआधी तो काढून टाकायचा, या साध्या युक्तीने ती सुटली. यानंतर ५० अंशांची तीन वाचने ०.१ मिलिलिटरच्या आत येऊ लागली.

२५ नोव्हेंबर: तापमापक कुठे होता

आतापर्यंत २०, ३०, ४० आणि ५० अंशांची वाचने झाली होती. समतोल स्थिरांकाचा नैसर्गिक लॉगरिदम निरपेक्ष तापमानाच्या व्यस्तासमोर मांडला आणि उतारावरून एन्थाल्पी काढली तेव्हा ती शंभर किलोजूल प्रति मोलच्या किंचित खाली आली. ही व्हँट हॉफची रीत आहे, आणि रेषा पुरेशी सरळ दिसत असल्यामुळे मी समाधानी होते.

दुसरा तापमापक सहज म्हणून बोरॅक्सच्या पात्रात बुडवला आणि ते समाधान संपले. बाथचा तापमापक ५० दाखवत असताना आतील द्रावण ४८ अंशांवर होते. पात्राचा वरचा अर्धा भाग पाण्याच्या पातळीच्या वर होता आणि झाकण नव्हते. २० अंशांना हा फरक जवळपास नव्हता, ४० ला सव्वा अंश होता, ५० ला दोन अंश. म्हणजे चूक तापमानाबरोबर वाढत होती.

बोरॅक्सच्या बाबतीत एक अंशाने स्थिरांक बारा ते पंधरा टक्क्यांनी बदलतो, त्यामुळे दोन अंश ही लहान गोष्ट नाही. शिवाय ही चूक सगळीकडे सारखी नसल्यामुळे ती थेट उतारात शिरते. हिशेब करून पाहिला तेव्हा या एकाच कारणाने एन्थाल्पी आठ किलोजूलने कमी येत होती. सर्व जुनी वाचने रद्द केली. पात्र मानेपर्यंत बुडवले, रबरी बूच लावले, तापमापक बुचातून द्रावणात सोडला आणि बाथच्या तापमानाकडे बघणे बंद केले. पाच संध्याकाळी आणि जवळपास दीड लिटर आम्ल यात गेले.

२६ नोव्हेंबर ते २ डिसेंबर: सर्व वाचने नव्याने

२० ते ५० अंशांपर्यंत दर पाच अंशांना, दोन्ही बाजूंनी. ५ मिलिलिटर द्रावणाला लागलेले आम्ल, सरासरी: २० अंशांना ६.५०, २५ ला ७.९०, ३० ला ९.८०, ३५ ला १२.२५, ४० ला १५.५५, ४५ ला १९.९०, ५० ला २५.५० मिलिलिटर.

उत्साहाच्या भरात ६५ अंशही घेतले. तो बिंदू रेषेच्या बराच खाली पडला आणि तापमापकाचा दोष शोधण्यात एक पूर्ण संध्याकाळ गेली. दोष तापमापकात नव्हता. सुमारे ६१ अंशांच्या वर द्रावणाशी समतोलात असणारा घन दहा पाण्याचा बोरॅक्स राहत नाही, तो पाच पाण्याचा होतो. म्हणजे ६५ अंशांना मी वेगळ्याच अभिक्रियेचा समतोल मोजत होते, आणि तिचा स्थिरांक पहिल्या रेषेवर पडण्याचे काही कारण नव्हते. बिंदू काढून टाकला. हा प्रयोग करणाऱ्यांनी ५५ च्या वर जाऊ नये.

३ डिसेंबर: आम्लाची चूक सापडली

आकडेमोड करण्यापूर्वी आम्ल दुसऱ्या पदार्थाने तपासावे असे एका सहकाऱ्याने सुचवले. तापवून कोरडे केलेले सोडियम कार्बोनेट ०.२१२ ग्रॅम घेतले, म्हणजे दोन मिलिमोल. आम्ल लागले २०.० मिलिलिटर. म्हणजे संहती ०.२०० मोलर. बाटलीवर चिकटवलेला आकडा सहा टक्क्यांनी कमी होता.

दोष माझ्या बोरॅक्सच्या बाटलीचा होता. ती जुनी होती, झाकण सैल होते आणि स्फटिकांवर पांढरी भुकटी धरली होती. कोरड्या हवेत बोरॅक्सचे स्फटिकजल हळूहळू निघून जाते. पाणी गेलेला बोरॅक्स वजनाला हलका होतो, म्हणून मी घेतलेल्या ०.७६३ ग्रॅममध्ये दोन मिलिमोलपेक्षा जास्त बोरॅक्स होता आणि त्याला आम्लही जास्त लागले. आम्ल प्रमाणित करण्यासाठी बोरॅक्स वापरायचाच असेल, तर तो ५५ अंशांच्या खाली पुन्हा स्फटिकीकरण करून आणि योग्य आर्द्रतेत ठेवूनच वापरावा.

सुदैवाने विद्राव्यतेच्या वाचनांना या चुकीचा स्पर्श नव्हता. संपृक्त द्रावण करताना घातलेल्या बोरॅक्समधील पाणी थोडे कमी असले तरी पाण्याच्या संपर्कात तो पुन्हा दहा पाण्याचा होतो, आणि मोजणी द्रावणातील टेट्राबोरेटचीच होते. ब्युरेटची वाचने तशीच राहिली, फक्त संहतीचा आकडा बदलला.

या निमित्ताने केलेला एक हिशेब मला फार उपयोगाचा वाटला. आम्लाची संहती सर्व तापमानांना सारख्याच प्रमाणात चुकलेली असेल, तर लॉगरिदमच्या आलेखातील प्रत्येक बिंदू सारखाच खाली सरकतो. उतार बदलत नाही. एन्थाल्पी शाबूत राहते. बिघडते ती मुक्त ऊर्जा (३० अंशांना सुमारे ०.४७ किलोजूल) आणि एन्ट्रॉपी (सुमारे दीड जूल प्रति केल्व्हिन). तापमापकाच्या चुकीने मात्र नेमका उतारच बिघडवला होता. म्हणून कोणती राशी हवी आहे ते आधी ठरवावे आणि काळजी त्याप्रमाणे वाटावी. फक्त मुक्त ऊर्जा हवी असेल तर आम्ल जपावे, एन्थाल्पी हवी असेल तर तापमान जपावे.

५ डिसेंबर: आकडे

विद्राव्यता मोल प्रति लिटरमध्ये: २० अंशांना ०.१३०, २५ ला ०.१५८, ३० ला ०.१९६, ३५ ला ०.२४५, ४० ला ०.३११, ४५ ला ०.३९८, ५० ला ०.५१०.

त्यावरून प्रमाणित मुक्त ऊर्जाबदल किलोजूल प्रति मोलमध्ये, त्याच क्रमाने: ११.५, १०.३, ८.८, ७.३, ५.५, ३.६, १.७. सर्व धन. पहिल्या प्रयत्नात तक्त्यात तापमान सेल्सिअसमध्येच राहिले होते आणि वीस अंशांची मुक्त ऊर्जा एक किलोजूलहूनही कमी आली होती. असा आकडा दिसला तर आधी २७३.१५ मिळवले आहेत का ते पाहावे.

२० ते ५० अंशांच्या टोकांवरून एन्थाल्पी १०८ किलोजूल प्रति मोल आणि एन्ट्रॉपी सुमारे ३२८ जूल प्रति केल्व्हिन प्रति मोल आली. विरघळणे उष्माग्राही आहे आणि ते घडते एन्ट्रॉपीच्या बळावर: बांधलेल्या स्फटिकातून तीन आयन आणि आठ रेणू पाणी मोकळे होतात. तापमान वाढेल तसा एन्ट्रॉपीचा वाटा वाढतो आणि प्रमाणित मुक्त ऊर्जाबदल शून्याकडे सरकतो. रेषा पुढे वाढवली तर तो ५५ ते ५७ अंशांच्या दरम्यान शून्य होतो. तेथे स्थिरांक एक आणि विद्राव्यता ०.६३ मोलर असेल.

रेषा सरळ नाही, हे मात्र लपवू नये. २० ते ३५ अंशांचा तुकडा वेगळा काढला तर एन्थाल्पी ९५ येते, ३५ ते ५० अंशांचा घेतला तर १२१. वाचनांच्या चुकीने एवढा फरक पडत नाही. याचे एक कारण उघड आहे. मी संहती वापरली, सक्रियता नाही. ५० अंशांना द्रावणाचे आयनबल (द्रावणातील आयनांच्या गर्दीचे माप) दीडपर्यंत जाते आणि अशा गर्दीत आयनांची परिणामकारक संहती मोजलेल्या संहतीपेक्षा बरीच कमी असते, त्यामुळे वरच्या तापमानांना माझा स्थिरांक खऱ्यापेक्षा फुगलेला आहे. दुसरे कारण खालच्या टोकाला आहे. विरळ द्रावणात टेट्राबोरेटचा काही भाग फुटून बोरिक आम्ल आणि साधा बोरेट आयन होतो. अनुमापनात एकूण आम्लारी मोजली जात असल्यामुळे विद्राव्यता बरोबर येते, पण "विद्राव्यतेच्या घनाची चौपट" हे सूत्र तेवढे ढिले पडते. म्हणून १०८ हा आकडा मी "सरासरी, सक्रियतेची दुरुस्ती न केलेला" असे लिहूनच देते. दोन्ही तुकड्यांचे आकडे सोबत दिल्याशिवाय तो एकटा कोणी देऊ नये.

८ डिसेंबर: धन आकडा आणि विरघळणारा बोरॅक्स

आकडे सहकाऱ्यांना दाखवल्यावर पहिला प्रश्न हाच आला: प्रमाणित मुक्त ऊर्जाबदल धन आहे, म्हणजे अभिक्रिया आपोआप होत नाही, मग बोरॅक्स विरघळला कसा? प्रश्न रास्त होता आणि मला तोंडी उत्तर देऊन तो मिटवायचा नव्हता, म्हणून प्रयोग वाढवला.

प्रमाणित बदल फक्त एका काल्पनिक मिश्रणाविषयी बोलतो, ज्यात दोन्ही आयन प्रत्येकी एक मोलर आहेत. आपल्या पात्रात ते मिश्रण कधीच नसते. आपल्या पात्रातील मुक्त ऊर्जाबदल म्हणजे प्रमाणित बदलात त्या क्षणीच्या आयनिक गुणाकाराच्या (सोडियमच्या संहतीचा वर्ग गुणिले टेट्राबोरेटची संहती) लॉगरिदमचा हिस्सा मिळवून येणारा आकडा. २५ अंशांना, प्रमाणित बदल १०.३ धरून, मी तो निरनिराळ्या संहतींना काढला. द्रावण ०.०१ मोलर असताना तो उणे २०.५ किलोजूल, ०.०५ ला उणे ८.६, ०.१० ला उणे ३.४, ०.१५ ला उणे ०.४, ०.१५८ ला शून्य, ०.२० ला अधिक १.७५. शुद्ध पाण्यात पहिले कण विरघळताना उतार अतिशय तीव्र असतो. समतोल जवळ येईल तसा तो सपाट होत जातो आणि समतोलापलीकडे उलटतो. १०.३ हा आकडा धन असल्याचा अर्थ "विरघळणार नाही" असा नाही. समतोल प्रमाणित मिश्रणाच्या बराच अलीकडे येतो, म्हणजे स्थिरांक एकापेक्षा लहान आहे, इतकाच तो अर्थ आहे.

९ ते १२ डिसेंबर: एकाच जातीचे स्फटिक, तीन द्रावणे

हे चिन्ह डोळ्यांनी दिसावे म्हणून बोरॅक्सचे तीन मोठे स्फटिक वाढवून घेतले. नव्या, बंद बाटलीतील बोरॅक्सची २५० मिलिलिटरची तीन द्रावणे केली: ०.१० मोलर (९.५३ ग्रॅम), ०.१५ मोलर (१४.३० ग्रॅम) आणि ०.२० मोलर (१९.०७ ग्रॅम). तिसरे ४५ अंशांना विरघळवून सावकाश २५ वर आणले. ते रात्रभर नितळ राहिले, एकही स्फटिक पडला नाही. मुक्त ऊर्जाबदलाचे चिन्ह दिशा सांगते, वेग सांगत नाही, हे या पात्रात मला फार स्पष्ट दिसले. बीज टाकेपर्यंत अतिसंपृक्त द्रावण थांबून राहिले.

दुसऱ्या दिवशी प्रत्येकात दोऱ्याने बांधलेला, वजन केलेला एकेक स्फटिक सोडला. पहिल्या वेळी दोरा द्रावणाबाहेर कोरडा राहिला होता, त्यावर बोरॅक्सची पांढरी कड चढली आणि वजने निरुपयोगी झाली. दोरा मेण लावून पुन्हा बांधला. एक दिवस गेला.

०.१० मोलरमधील स्फटिक सहा तासांत २.१० वरून १.३२ ग्रॅमवर आला. ०.१५ मधील १.९४ वरून १.८५ वर आला आणि त्याच्या कडा फक्त गोल झाल्या. ०.२० मधील २.०५ वरून २.८८ ग्रॅमवर गेला, त्याची पृष्ठे तीक्ष्ण झाली आणि तळाशी बारीक स्फटिकांचा थर बसला. तीनही पात्रांचे तापमान एकच होते, प्रमाणित मुक्त ऊर्जाबदलही एकच, अधिक १०.३. वेगळा होता तो आयनिक गुणाकार.

१४ डिसेंबर: मीठ

शेवटची चाचणी ०.१५ मोलरच्याच पात्रात घेतली, जिथे स्फटिक अगदी हळू विरघळत होता. त्यात ७.३ ग्रॅम साधे मीठ, म्हणजे लिटरमागे अर्धा मोल सोडियम, घातले. सोडियमची संहती ०.३ वरून ०.८ झाली. आयनिक गुणाकार ०.०९६ वर गेला, विद्राव्यता गुणाकार ०.०१५८ च्या सहापट. हिशेबाने मुक्त ऊर्जाबदल उणे ०.४ वरून अधिक ४.५ किलोजूल होत होता. मीठ घातल्याने आयनबलही बदलते, त्यामुळे ४.५ हा आकडा अंदाजाचा आहे. पण चिन्ह उलटण्याइतका फरक त्यात नक्की होता.

मीठ ढवळून विरघळवताना पहिली दहा मिनिटे काहीच दिसले नाही. मग स्फटिकाभोवती धुरकट रेषा दिसू लागल्या, अर्ध्या तासात पात्राच्या भिंतींवर बारीक कण चमकू लागले आणि तासाभराने तळ पांढरा झाला. चार तासांनी स्फटिक कोरडा करून तोलला. १.८५ ग्रॅमचा १.९९ झाला होता. वरचे नितळ द्रावण ५ मिलिलिटर घेऊन अनुमापन केले तेव्हा आम्ल ७.५ मिलिलिटरच्या जागी ३ पेक्षाही कमी लागले.

एकूण हिशेब: पाच आठवडे, त्यांतील सुमारे दोन आठवडे चुकांमध्ये गेले. ०.२ मोलर आम्ल साडेतीन लिटर, बोरॅक्स सुमारे ७०० ग्रॅम, त्यातील बराचसा पुन्हा स्फटिकीकरण करून परत मिळवला. पुढच्या वेळी आम्ल पहिल्याच दिवशी सोडियम कार्बोनेटने प्रमाणित करीन, तापमापक पहिल्याच दिवशी द्रावणात ठेवीन, आणि ३५ अंशांच्या वरच्या वाचनांना सक्रियतेची दुरुस्ती लावून दोन तुकड्यांतील ते २६ किलोजूलचे अंतर किती कमी होते ते मोजीन.